ओटचं पोतं, खारवलेली मासळी आणि हजार जणींचे टाके

(अभ्यास लेख : गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून चर्चा करण्यासाठी)



या वेळचा अभ्यास लेख लांबच्या देशाचा आहे, स्कॉटलंडचा. पण सुरुवात आपल्याच एका बैठकीपासून करते.

मागच्या पावसाळ्यात एका गटात वाद झाला. एक मावशी म्हणत होत्या, "माझे कर्जाचे सहा हप्ते भरून झालेत." वहीत मात्र पाचच हप्ते होते. सचिव ताई म्हणाल्या, "वहीत नाही म्हणजे भरले नाहीत." मावशींना लिहिता-वाचता येत नाही. त्या भांडल्या नाहीत. "चला माझ्या घरी," एवढंच म्हणाल्या. आम्ही सगळ्या गेलो. दाराच्या चौकटीशेजारी भिंतीवर गेरूने ओढलेल्या सहा रेघा होत्या. प्रत्येक हप्ता भरून घरी आलं की एक रेघ.

यात चूक माझीही होती. दोन महिने मी त्या गटाची पुस्तकं नीट तपासलीच नव्हती, सही मात्र करून आले होते.

त्या भिंतीसमोर उभी असताना माझ्या मनात एक प्रश्न आला, तो अजून गेला नाही. आपण बाया इतकं काम करतो, इतके पैसे मोजून देतो, त्याची नोंद कोण ठेवतं? आणि जिथे नोंद नाही, तिथे ते काम झालंच नाही असं धरायचं का?

समाजकार्याचं शिक्षण घेताना सहकाराच्या तासाला मी स्कॉटलंडमधल्या एका खेड्याचं नाव ऐकलं होतं. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं. त्या वादानंतर पुन्हा वाचलं, आणि वाचत गेले तसं लक्षात आलं, की त्या देशाच्या इतिहासात आपल्या या प्रश्नाची बरीच उत्तरं आहेत. तीच आज तुम्हाला सांगते.

आधी देश समजून घेऊ

ब्रिटनच्या बेटाचा उत्तरेकडचा भाग म्हणजे स्कॉटलंड. आपल्या महाराष्ट्राच्या साधारण चौथाई एवढा. लोकवस्ती सुमारे ५५ लाख. राजधानी एडिंबरा, सगळ्यात मोठं शहर ग्लासगो. वायव्येला डोंगराळ मुलूख आणि बेटं आहेत. तिथे पूर्वी घरोघरी गेलिक भाषा बोलली जायची. १७०७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंडची संसद एक झाली.

हवा थंड आणि ओली. गहू नीट पिकत नाही. म्हणून शेकडो वर्षं तिथल्या गरिबाचं पोट भरलं ते ओट या धान्याने. आता शहरातल्या दुकानात 'ओट्स'चं महागडं पाकीट मिळतं, तेच हे धान्य. पण एके काळी त्याची टिंगल व्हायची. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सन या इंग्रज पंडिताने मोठा शब्दकोश काढला. त्यात ओटचा अर्थ देता देता त्याने स्कॉटिश लोकांना चिमटा काढला, की इंग्लंडात जे घोड्यांना घालतात त्यावर ही माणसं जगतात. आपल्या ज्वारी-नाचणीला 'गरिबाचं धान्य' म्हणून नाकं मुरडायचे, तसंच.

तिथल्या बाया ओटच्या जाडसर पिठात मीठ, थोडी चरबी आणि गरम पाणी घालून ते मळायच्या, थापायच्या आणि लोखंडी तव्यावर भाजायच्या. म्हणजे आपली भाकरीच म्हणा ना, फक्त पातळ आणि कडक. पाण्यात मीठ घालून शिजवलेली ओटची पेज तर रोजचीच. मेंढी कापली तर काळीज, फुप्फुस, हृदय काहीच टाकायचं नाही. ते बारीक करून त्यात ओट, कांदा, चरबी घालायची आणि मेंढीच्याच पोटाच्या पिशवीत भरून शिजवायचं. याला म्हणतात हॅगिस. रॉबर्ट बर्न्स हा त्यांचा लाडका कवी, शेतकऱ्याचा मुलगा. दर २५ जानेवारीला त्याच्या जन्मदिवशी आज घरोघरी, हॉटेलांत मानाने हॅगिस वाढतात. गरिबीत काही वाया जाऊ नये म्हणून बाईने जो पदार्थ केला, तो आज देशाचा मानाचा पदार्थ झाला आहे. पण तो पहिल्यांदा कोणी केला, त्या बाईचं नाव कुठे नाही.

फेनविकचे विणकर : वही होती म्हणून कळलं

आता ते खेडं. नाव फेनविक. तिथले लोक बोलताना 'फेनिक' म्हणतात. ग्लासगोच्या दक्षिणेला, किलमार्नॉक गावाजवळ. तिथले विणकर घरातच हातमागावर कापड विणायचे. १४ मार्च १७६१ रोजी हे विणकर गावच्या चर्चमध्ये जमले आणि त्यांनी एका कागदावर सह्या केल्या. कागदात काय ठरलं? आपण एकमेकांशी आणि काम देणाऱ्यांशी प्रामाणिक राहायचं. माल चांगला करायचा. आजूबाजूच्या गावांत जो भाव चालतो त्याहून जास्त घ्यायचा नाही आणि कमीही घ्यायचा नाही. म्हणजे एकमेकांचा भाव पाडायचा नाही.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्या गटातल्या दोघी जणी पापड विकायला बसल्या आणि एकीने दुसरीचा भाव पाडला, तर काय होतं ते आपण पाहिलेलं आहे.

मग आली १७६९ ची गोष्ट. मंडळाकडे थोडी शिल्लक जमली होती. त्यांनी ठरवलं, की त्या पैशातून ओटचं पीठ घाऊक भावात आणायचं आणि सभासदांना कमी भावात द्यायचं. जॉन वॉकर नावाच्या विणकराच्या घरात ओटच्या पिठाचं पोतं आणून ठेवलं आणि विक्री सुरू झाली. ना मोठं दुकान, ना भांडवल. एक पोतं, एक खोली आणि एक ठराव. पुढे याच मंडळाने सभासदांना गरजेला कर्ज दिलं, पुस्तकं घेऊन वाचनालय उभं केलं.

जगात सहकाराचा इतिहास शिकवताना इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या १८४४ सालच्या दुकानाचं नाव आधी घेतात. फेनविकचं पोतं त्याच्या ७५ वर्षं आधीचं. हे आज आपल्याला का कळतं? कारण त्या विणकरांनी सभेच्या नोंदी लिहून ठेवल्या. ते जुने कागद आज एडिंबराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवले आहेत. त्यांचा 'इतिवृत्त' टिकला म्हणून त्यांचं काम टिकलं.

पण या गोष्टीतही एक रिकामी जागा आहे. त्या कागदावर सह्या पुरुषांच्या. हातमागाच्या घरात कांड्या भरायचं काम बायका-मुलांचं असायचं. सूत भरलेली कांडी हाताशी नसेल तर माग चालत नाही. हे काम वहीत नाही.

फेनविकचा शेवट तुम्हाला माहीत असायला हवा. वाफेवर चालणारे माग आले. हातमागाचा धंदा बसू लागला. तेव्हा १८३९ मध्ये गावाने आणखी एक मंडळ काढलं, कशासाठी, तर परदेशी जाऊन नशीब काढू इच्छिणाऱ्यांना मदत करायला. गटाने जायला मदत केली, आणि माणसं गेल्यावर गट रोडावला. १८७३ मध्ये मूळ मंडळ बंद झालं. २००८ साली गावकऱ्यांनी ते नाव पुन्हा जिवंत केलं, पण ते मुख्यतः इतिहास जपण्यासाठी.

मेंढ्या आल्या, माणसं गेली

फेनविकचे विणकर निदान एकमेकांच्या मदतीने गेले. उत्तरेच्या डोंगराळ मुलखात लोकांना हाकलून लावलं. अठराव्या शतकाच्या शेवटापासून तिथल्या जमीनदारांनी हिशेब केला, की कुळांकडून मिळणाऱ्या खंडापेक्षा मेंढ्यांची लोकर जास्त पैसा देते. मग कुळं काढा आणि मेंढ्या सोडा. सदरलँड भागातल्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात १८१४ मध्ये आणि पुन्हा १८१९ मध्ये घरांची छपरं जाळून लोकांना बाहेर काढलं. काही जण समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यांवर बसवले गेले. बरेच जण कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेले.

त्या लहानशा तुकड्यावर ओट पुरेसा पिकेना, म्हणून लोक बटाट्यावर जगू लागले. कमी जागेत जास्त पोट भरणारं पीक. १८४६ मध्ये बटाट्यावर करपा आला आणि शेतच्या शेत सडलं. पुढची सुमारे दहा वर्षं हाल झाले. आणखी हजारो लोक देश सोडून गेले. एकाच पिकावर घर उभं केलं की काय होतं, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. पुढे लोक एकत्र येऊन लढले, तेव्हा १८८६ मध्ये कायदा झाला आणि त्या छोट्या शेतकऱ्यांना जमिनीवरून मनमानीने काढता येणार नाही असं संरक्षण मिळालं.

हेरिंगच्या बाया : पिंपं मोजली, बाया मोजल्या नाहीत

समुद्रकाठी जगायचं तर मासळी. हेरिंग हा आपल्या तारलीच्या कुळातला मासा. उन्हाळ्यात हेरिंगचे थवे उत्तरेच्या शेटलंड बेटांजवळ यायचे आणि शरद ऋतूपर्यंत होड्यांचा सगळा तांडा मासळीमागे दक्षिणेकडे सरकायचा. होड्यांवर पुरुष. आणि किनाऱ्याने, आगगाडीने, बंदर बदलत बदलत जाणाऱ्या हजारो बाया. लर्विक, विक, फ्रेझरबरा, पीटरहेड असं करत थेट इंग्लंडमधल्या ग्रेट यार्मथपर्यंत. बऱ्याच जणी वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी घर सोडायच्या. प्रत्येकीजवळ एक लाकडी पेटी, त्यात कपडे, थोडा शिधा आणि विणकामाच्या सुया.

मोसमाच्या आधीच व्यापाऱ्याचा माणूस घरी येऊन थोडी रक्कम हातावर ठेवायचा. ती घेतली की त्या मोसमापुरतं त्याच्याकडेच काम करायचं. आपल्याकडे ऊसतोडीला जाताना उचल घेतात, तिची आठवण होते.

तिघींची एक टोळी. दोघी मासा चिरून आतडी काढायच्या आणि आकाराप्रमाणे वेगवेगळ्या टोपल्यांत टाकायच्या. तिसरी पिंपात माशांचा थर, मिठाचा थर असं रचत जायची. एका पिंपात साधारण सातशे ते हजार मासे. हात इतके भराभर चालायचे की तरबेज बाई मिनिटाला तीस-चाळीस, काही जणी तर साठपर्यंत मासे साफ करायच्या. सुरी धारदार, मासा निसरडा आणि सगळीकडे मीठ. बोट कापलं आणि त्यात मीठ गेलं की जीव जायचा. म्हणून कामाआधी प्रत्येक बोटाला कापडाच्या चिंध्या गुंडाळून दोऱ्याने बांधायच्या. होड्या उशिरा आल्या तर रात्री उशिरापर्यंत काम. मासळी थांबत नाही.

मजुरी पिंपामागे, आणि ती तिघींत वाटायची. म्हणून एक जण आजारी पडली तर तिघींचं नुकसान. आपल्या गटात एकीचा हप्ता चुकला की सगळ्या गटाच्या नावावर येतं, तसंच. यातूनच त्यांच्यात जिवाभावाची मैत्री झाली. तशी हिंमतही आली. १९३६ मध्ये ग्रेट यार्मथला या बायांनी पिंपामागचा दर वाढवून मागण्यासाठी काम बंद ठेवलं. मासळी सडायला किती वेळ लागतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

ही खारवलेली मासळी जर्मनी, रशियापर्यंत जायची. १९१३ साली हा धंदा सगळ्यात भरात होता, नंतर पहिल्या महायुद्धाने बाजार तुटला. किती पिंपं गेली याचे हिशेब व्यापाऱ्यांच्या दप्तरात होते. कोणत्या बाईची किती बोटं कापली, हे कुठल्याही दप्तरात नव्हतं. बऱ्याच वर्षांनी लोक म्हाताऱ्या झालेल्या या बायांकडे जाऊन बसले, त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या, ध्वनिमुद्रित केल्या. म्हणून आज मी तुम्हाला हे सांगू शकते.

ओव्यांसारखी गाणी आणि नावाचा शिक्का

या बाया कामातून उसंत मिळाली की उभ्या-उभ्या, चालता-चालता सुयांवर विणायच्या. बेटांवर तर सूत कातणं, रंगवणं घरोघरी. मागावरून उतरलेलं लोकरी कापड घट्ट आणि मऊ करायला आठ-दहा जणी लांब फळीभोवती बसायच्या आणि ओलं कापड फळीवर आपटत, पुढे सरकवत जायच्या. ओलं कशात, तर साठवून ठेवलेल्या लघवीत. त्याने कापडातलं तेल निघतं आणि रंग पक्का बसतो. हे काम कंटाळवाणं, म्हणून सोबत गाणं. एक जण ओळ म्हणायची, बाकीच्या धरायच्या. कापड किती वेळ आपटायचं हे घड्याळावर नाही, गाण्यांवर मोजायचं. आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवा. त्या गाण्यांतही माहेर, सासर, समुद्रात गेलेला माणूस असंच सगळं असायचं. तीसुद्धा पुढे अभ्यासकांनी बेटांवर राहून टिपून ठेवली.

याच बेटांवरचं लोकरी कापड म्हणजे हॅरिस ट्वीड. १८४० च्या दशकात तिथली जमीनदारीण लेडी डनमोर हिने हे कापड आपल्या श्रीमंत ओळखीच्यांत खपवायला सुरुवात केली. मागणी वाढली, तशी बाहेरची नकलीही वाढली. तेव्हा १९१० मध्ये त्या कापडासाठी नोंदणीकृत शिक्का आला. पुढे १९९३ मध्ये तर खास कायदाच झाला. त्यानुसार या बेटांवर रंगवलेल्या आणि कातलेल्या शुद्ध लोकरीचं, विणकराने स्वतःच्या घरी हातमागावर विणलेलं आणि बेटांवरच तयार केलेलं कापड असेल तरच त्याला हॅरिस ट्वीड म्हणता येतं. आपल्या पैठणीच्या भौगोलिक मानांकनामागेही हाच विचार आहे. नाव राखलं तर रोजगार राखला जातो.

आपली कोयरी त्यांच्या गावाच्या नावाने

आता उलट बाजू बघा. तुमच्या साडीच्या पदरावर, मेंदीत, रांगोळीत जी कोयरी असते, तिला जगभरात काय म्हणतात? 'पेझली'. पेझली हे ग्लासगोजवळचं एक विणकरांचं गाव. अठराव्या शतकाच्या शेवटी काश्मिरी शाली ब्रिटनमध्ये गेल्या. त्यांवरचा बुटा तिथल्या श्रीमंत बायकांना फार आवडला. पण काश्मिरी शाल विणायला महिनोन्‌महिने लागायचे आणि किंमतही तशीच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पेझलीच्या मागांवर तसाच बुटा असलेल्या स्वस्त शाली निघू लागल्या आणि इतक्या खपल्या की बुट्याला त्या गावाचंच नाव पडलं. १८७० च्या दशकात फॅशन बदलली, शालींचा धंदा बसला. नाव मात्र राहिलं.

पेझलीचे विणकर काही वाईट नव्हते. तेही पोटासाठी राबणारे कारागीर होते. पण ज्या काश्मिरी हातांनी आधी तो बुटा विणला, त्यांचं नाव जगाच्या तोंडी राहिलं नाही. वस्तू बाजारात ज्याच्या नावाने जाते, त्याचीच ती होते. म्हणून आपल्या मसाल्याच्या पाकिटावर गटाचं नाव, गावाचं नाव ठळक छापा असं मी सारखं म्हणते, ते यासाठी.

आयांच्या गटापासून हजार जणींच्या पटापर्यंत

शेवटची गोष्ट मला सगळ्यात आवडते. एडिंबरा शहराच्या कडेला क्रेगमिलर नावाची गरीब वस्ती. तिथे हेलन क्रमी नावाची एक आई राहायची. आपल्या मुलाला शाळेत व्हायोलिन शिकवा असं तिने विचारलं. शाळेने नाही म्हटलं. लिहिणं-वाचणं शिकवतानाच आमची पुरेवाट होते, असं उत्तर मिळालं. ती गप्प बसली नाही. १९६० च्या दशकात वस्तीतल्या आयांनी मिळून स्वतःचं मंडळ काढलं, आपल्या पोरांच्या कलेचा उत्सव भरवला. उत्सवातून पुढे वस्तीच्या कामांना बळ मिळालं.

त्याच हेलनचा एक मुलगा अँड्र्यू क्रमी चित्रकार झाला. त्याने आधी प्रेस्टनपॅन्स या गावासाठी दोनशेहून अधिक स्वयंसेवकांकडून भरतकामाचा एक लांबलचक पट करून घेतला. तो २०१० साली पूर्ण झाला. तो पाहून अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ या लेखकाला वाटलं, की अख्ख्या देशाचा इतिहास असा का भरू नये? मग इतिहासकार अ‍ॅलिस्टर मोफॅट यांनी प्रसंग निवडले, क्रमींनी चित्रं काढली, आणि देशभरातल्या हजाराहून अधिक लोकांनी, त्यातही बहुतेक बायांनी, ती कापडावर भरली. एकूण १६० पट, जोडले तर लांबी सुमारे १४३ मीटर. लोकर लागली तीनशे मैलांहून जास्त, म्हणजे मुंबई ते नागपूर या अंतराच्या निम्म्याहून अधिक. सप्टेंबर २०१३ मध्ये एडिंबराच्या संसदेत तो पहिल्यांदा लोकांना दाखवला. २०२१ पासून तो गॅलाशील्स या जुन्या लोकरगिरण्यांच्या गावात कायमचा ठेवला आहे. नाव 'ग्रेट टॅपेस्ट्री ऑफ स्कॉटलंड'.

त्यात राजे-लढाया आहेतच. पण हाकलून दिलेली कुळं आहेत, हेरिंगच्या बायाही आहेत. चित्रकाराने चित्रात मुद्दाम मोकळ्या जागा सोडल्या होत्या, की भरणारीने त्यात आपल्या गावचं, आपल्या मनचं काही भरावं. आणि भरणाऱ्यांनी आपापली नावाची अक्षरंही त्यात टाक्यांनी काढली. पुढे २०१४ मध्ये देश सोडून गेलेल्या स्कॉटिश लोकांच्या वंशजांनीही तीसहून अधिक देशांतून असेच पट भरून पाठवले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. हे काम त्या बायांनी हौसेने, फुकट केलं. इतिहास जपायला तसं करणं ठीक. पण बाजारात जाणाऱ्या गोधडीची, भरतकामाची मजुरी मागायला लाजू नका. हेरिंगच्या बायांनी पिंपामागे दर मागितला, तसं आपणही टाक्यामागे मागायला हवं.

मग आपण काय करायचं?

त्या मावशींच्या भिंतीकडे परत येते. गटाने तिथेच उभ्या-उभ्या बोलून घेतलं. दोघींना तो हप्ता दिलेला आठवला. पुढच्या बैठकीत ठराव झाला, सहावा हप्ता वहीत चढला, आणि सचिव ताईंनी सगळ्यांसमोर मावशींची माफी मागितली. मीही मागितली. तेव्हापासून तो गट तीन गोष्टी पाळतो. तुम्हीही पाळा.

१. पैसे सगळ्यांसमोर मोजायचे आणि रक्कम मोठ्याने बोलायची.
२. नोंद बैठकीतच करायची. घरी जाऊन 'नंतर लिहिते' चालणार नाही.
३. बैठक संपताना त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी वाचून दाखवायच्या. जिला वाचता येत नाही तिच्या पासबुकात तिच्यासमोर आकडा आणि तिच्या ओळखीची खूण, मग ती रेघ का असेना.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपला गट कोणत्या तारखेला, कोणाच्या घरी सुरू झाला? पहिल्या इतिवृत्तावर कोणाकोणाची नावं आहेत? वही सापडते का बघा.
२. फेनविकसारखं आपल्याला घाऊक भावात काय आणता येईल? तेल, डाळ, शाळेच्या वह्या? किती जणींना लागतं, किती पैसे वाचतील, याचा हिशेब फळ्यावर मांडा.
३. आपल्या गावातून कामासाठी कोण कोण बाहेर जातं? त्या बायांचा गटातला हप्ता आणि बचत त्या काळात कशी चालू ठेवायची?
४. आपण करतो ते कोणतं काम कुठल्याच वहीत नाही?

पुढच्या बैठकीसाठी काम

प्रत्येकीने जुन्या साडीचा वीतभर चौकोनी तुकडा आणायचा. त्यावर आपल्या हाताने एक गोष्ट टाक्यांनी काढायची : आपलं पहिलं कर्ज कशासाठी घेतलं ती गोष्ट. शेळी, शिलाई मशीन, लेकीची फी, दवाखाना, जे असेल ते. कोपऱ्यात आपलं नाव किंवा आपली खूण. सगळे तुकडे जोडून गटाची गोधडी करू. प्रभागसंघाच्या वार्षिक सभेला ती भिंतीवर लावू.

मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला काय काढता येतंय? मी सहा रेघाच काढीन." मी म्हटलं, "तेवढ्याच काढा, मावशी."

भेटू पुढच्या बैठकीत.

तुमची,
क्षेत्र समन्वयक